दोन घरांचं कालवण आणि एक न्यायाधीश

पुणं सोडतानाच मी फेरेंत्ससाहेबांना बजावलं, "आज न्यायबिय काही नाही, फक्त मासे!" हंगेरीचे हे निवृत्त न्यायाधीश आमच्या लॉ कॉलेजात व्याख्यानं द्यायला आले होते. लहान गावच्या कोर्टापासून थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत पोचलेला माणूस. देशादेशांतले नद्यांचे तंटे सोडवण्यात आणि त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिण्यात हयात गेलेली. उजनीचं पाणी त्यांना बघायचंच होतं.

भिगवणला गाडी पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत साहेबांनी दोन भेळी फस्त केल्या.

पळसदेवला पाणी ओसरून जुनं देऊळ उघडं पडलं होतं. भोवती गाळपेर (पाणी हटल्यावर गाळात केलेली पेरणी) हिरवीगार. माझी विद्यार्थिनी सुनंदा आणि तिचे वडील अंकुशराव यांच्याकडे आमचं जेवण होतं. सुनंदाचं लग्न तोंडावर आलेलं, पण सख्खे चुलते बबनतात्या येणार नव्हते. गाळातला बांध कुठून धरायचा, यावरून दोघा भावांचं बोलणं बंद. ज्यांच्या खांद्यावर लहानाची मोठी झाली तेच मांडवात नाहीत, म्हणून पोरीचा जीव तुटत होता.

ताटं मांडली आणि बबनतात्या दारात हजर.

"मॅडम, पाव्हणं जज हायती म्हणं. आदी आमच्यात जेवायचं."

"न्हाय! आदी हितंच," अंकुशरावही मलाच म्हणाले.

सुनंदा कुजबुजली, "जज ज्याच्या घरी आधी जेवतील त्याचाच बांध खरा, असं गाव धरून चालेल."

मी साहेबांना अडचण सांगितली. ते उठले, चालत गेले आणि वादातल्या बांधावर चिखलात मांडी घालून बसले. "कोर्ट इथं बसेल. दोघांनी पुरावा आणावा."

मी भाषांतर करताच दोन्ही घरांतून चिलापीचं (उजनीतला मासा) कालवण आणि भाकरी आली. जाळ होता नुसता! साहेब डोळे पुसत दोन्हीकडचं सारखंच जेवले.

"कुणाचं ब्येस?" तात्यांनी विचारलं.

"समोरच्याचा पुरावा तुम्ही स्वतः तपासल्याशिवाय मी निकाल देत नाही," साहेब म्हणाले.

तात्या घुटमळले. मग भाकरी मोडून त्यांनी थोरल्याच्या कालवणात बुडवली. घास तोंडात आणि डोळ्यांत पाणी.

"वयनीच्या हातचं हाय. इसरलो न्हाय."

"लई तिकट लागलं का रं?" अंकुशरावांनी विचारलं. थेट भावाला.

निकाल राखून ठेवून आम्ही निघालो. बांधाचा वाद होता तिथंच होता. इंदापूर तालुका मागं पडला तोच सुनंदाचा फोन आला, "मॅडम, तात्या मांडवाचे बांबू घेऊन आलेत!"

साहेबांना सांगितलं, तर त्यांनी पुन्हा रुमाल काढला. आता तिखटाचं निमित्तही नव्हतं.