सुपातलं लेकरू

मी भित्री बाई आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कोणी माझ्याकडून श्रद्धेच्या मोठ्या गोष्टींची अपेक्षा करणार नाही. दुपारी फोन वाजला तरी कोण गेलं असेल याचा हिशेब मी उचलण्याआधीच करते. दारासमोर अनोळखी गाडी थांबली की हातातलं काम हातातच राहतं. नवरा म्हणतो, तुला भ्यायला कारण लागत नाही, नुसता रिकामा वेळ पुरतो. तो चेष्टा करतो, पण खोटं बोलत नाही.

माझं माहेर करडीचं, धान पिकवणारं हिंदू घर. सासर साकोलीतलं, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. लग्नानंतर माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "आता मंडळी तुझी आई." मंडळी म्हणजे आमच्या चर्चची सगळी माणसं. मी मान हलवली. मनात म्हटलं, एक आई करडीला आहे, तिचंच ऐकता ऐकता माझी पुरेवाट होते, आता ही दुसरी कुठं सांभाळू?

पहिला मुलगा झाला. रांगायला लागला, उंबऱ्याशी येऊन हसायला लागला, आणि एका तापात गेला. कशानं गेला ते तेव्हा आम्हाला कळलंच नाही. पुढं मुलगी झाली. ती सारखी रडायची, हाताची बोटं सुजायची, डोळे पिवळे दिसायचे. भंडाऱ्याला नेऊन रक्त तपासलं आणि मग कळलं, सिकलसेल. आमच्या भागात हा आजार घरोघरी ऐकायला मिळतो, तरी आपल्या लेकराचं नाव त्याच्यासोबत ऐकलं की कान बधिर होतात. डॉक्टर समजावून सांगत होते, थंडीपासून जपा, पाणी भरपूर द्या, गोळी चुकवू नका. मला फक्त उंबऱ्याशी हसणारा मुलगा दिसत होता.

मुलीच्या बाप्तिस्म्याला माझी आई करडीहून आली. पिशवीत जुन्या लुगड्यात गुंडाळून तिनं एक सूप आणलं होतं आणि पुडीत मूठभर कोंडा. मी बघताक्षणी ओळखलं. आमच्याकडं आधीचं लेकरू गेलेलं असलं की पुढचं सुपात घालून दुसऱ्या बाईच्या ओटीत टाकतात. जिची सगळी लेकरं जिवंत आहेत अशीच बाई हवी. ती म्हणते, घेतलं. मग आई मूठभर कोंडा देऊन तेच लेकरू तिच्याकडून विकत घेते, म्हणजे सोडवून आणते. यमाला वाटावं हे त्या घरचं नव्हेच, कुठून तरी आणलेलं आहे, आणि त्यानं दुसरं दार बघावं.

"माय, आमच्यात हे चालत नाही," मी म्हटलं.

"तुमच्यात लेकरं मरत नाहीत काय?" आई म्हणाली. मी सूप तिच्या पिशवीतच राहू दिलं. खरं सांगायचं तर ते परत पाठवायचं माझ्याही मनात नव्हतं.

उपासना संपली. कपाळावरचं पाणी अजून ओलं असलेल्या माझ्या मुलीला आईनं चर्चच्या पायरीवर सुपात ठेवलं आणि पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. बायांचं बोलणं थांबलं. पाळकसाहेब चहाची कपबशी धरून तसेच उभे. मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "हे काय नवीन?" धरणीनं मला पोटात घ्यावं असं वाटलं, पण सूप उचलायला हात पुढं होईना. उचललं आणि काही झालं तर?

तेवढ्यात मास्तरीणबाई पुढं आल्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, मंडळीतल्या बायांच्या प्रमुख, तिन्ही मुलं धडधाकट, नोकरीनिमित्त लांब. सगळी मंडळी त्यांना वचकून असायची. त्यांनी पर्स पायरीवर ठेवली, वाकून लेकरू उचललं आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "घेतली. मंडळीनं घेतली."

आईचा जीव भांड्यात पडला. तिनं कोंड्याची पुडी पुढं केली.

"तो ठेवा माय तुमच्यापाशी," मास्तरीणबाई म्हणाल्या. "गाईले घाला. आमच्यात लेकरू इकत नाहीत. घेतली ते घेतली. दुधासाठी हिच्यापाशी राहील."

बाया हसल्या, वातावरण सैल झालं, कोणीतरी आईला चहा दिला. पण करडीला परत जाताना आई बसस्टँडवर माझा दंड धरून म्हणाली, "अर्धंच झालं वं. टाकली, पण सोडवली नाही." त्या दिवसापासून माझ्या भीतीला दोन तोंडं फुटली.

कारण बघा, मुलगी जगली. दुखणं उठायचं, हाडं ठणकायची, रक्त चढवावं लागायचं, पण ती जगली. मी विचार करायची, सोडवून आणली नाही म्हणून तर जगली नसेल? आता जाऊन कोंडा दिला आणि यमानं पुन्हा घर ओळखलं तर? आणि दुखणं उठलं की उलटं वाटायचं, विधी अर्धा राहिला म्हणून तर हे भोग नाहीत? सोडवायचीही भीती, न सोडवायचीही भीती. रविवारी पाळकसाहेब सांगायचे, भिऊ नका, प्रभूच्या हाती सगळं आहे. मी आमेन म्हणायची आणि बाकावर बसल्या बसल्या मुलीचं कपाळ हातानं चाचपून बघायची.

मंडळीनं मात्र तो शब्द अगदी खरा धरला. मुलीला कोणता स्वेटर घालायचा हे पाळकबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी, ठरवणार. सहलीला पाठवायचं की नाही यावर बायांची बैठक भरणार. मास्तरीणबाई तर आठवड्यातून कितीदा तरी काही ना काही निमित्तानं दारात. कधी हातात वालाच्या शेंगा, कधी नुसतंच "इकडून चालली होती" म्हणत. मुलीला त्या अभ्यास विचारायच्या, आणि मला वाटायचं, मालकीण बघायला आली आपला माल. हा विचार वाईट होता, पण मनात यायचा. मुलगी मोठी झाल्यावर तिला सगळं कळलं तेव्हा ती खो खो हसली. म्हणाली, "म्हणजे माझी किंमत मूठभर कोंडा, आणि तीही कोणी दिली नाही!"

मागच्या नाताळात मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. घरोघरी गाणी म्हणत जायचं म्हणून चर्चच्या अंगणात संध्याकाळी सराव चालायचा. थंडी कडाक्याची. मी नको म्हटलं. मास्तरीणबाईंनी फोन केला, "येऊ दे तिले. शाल देईन मी माह्यी. किती दिवस डब्यात ठेवशीन?" मी पाठवली. सरावाहून आली ती पाठ धरून. सकाळी छाती दुखायला लागली, श्वास पुरेना, ओठ निळे पडले. साकोलीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि लगेच भंडाऱ्याला न्यायला सांगितलं. वाटेतलं लाखनी येईपर्यंत मी गाडीत तिच्या नाकपुड्यांकडं बघत बसले होते. बाहेर हायवे आहे, दिवस आहे, लोक चहा पीत उभे आहेत, याचा मला राग येत होता.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं. मंडळीतल्या दोघांनी रक्त दिलं, पाळकबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या, कोणी प्रार्थना केली. डॉक्टर म्हणाले, दुखणं छातीत उतरलंय, आजचा दिवस बघू. आजचा दिवस बघू म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

दुपारी करडीहून आईचा फोन आला. आता तिला नीट ऐकू येत नाही, ती ओरडूनच बोलते. "आता तरी सोडव तिले! जा त्या बाईपाशी! पराई म्हणून मरू नको देऊ!"

मी फोन ठेवला आणि माझ्या अंगात काहीतरी चढलं. थंडीत कोणी नेली? मंडळीनं. डब्यात ठेवू नको कोण म्हणालं? मास्तरीणबाई. बास झालं. माझी मुलगी मला परत पाहिजे, जगो का मरो, पण माझी म्हणून. मास्तरीणबाई सकाळपासून बाहेरच होत्या. मी तरातरा व्हरांड्यात गेले.

मास्तरीणबाई भिंतीपाशी जमिनीवर बसल्या होत्या. बाकं रिकामी असून जमिनीवर. वाटलं होतं प्रार्थना करत असतील, पण त्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायचा प्रयत्न करत होत्या आणि बोटं झाकणावरून सारखी घसरत होती. मला बघून त्यांनी बाटली सोडून दिली.

"घेऊन जाय वं तुही पोरगी," त्या म्हणाल्या. "मह्याच्यानं होत नाही आता."

मी जे मागायला आले होते तेच त्या देत होत्या.

"त्या दिवशी तुह्या मायची लाज राहावी म्हणून उचलली. वाटलं, दोन शब्द बोलायचे, झालं. मले काय माहीत असं होते म्हणून? त्या दिवसापासून जीव जाग्यावर नाही मह्या. वाल घेऊन येत होती ना मी? वाल कायले? ही श्वास घेऊन राहिली का ते पाहाले येत होती. स्वतःच्या पोरांसाठी एवढी भेली नाही कधी. लोकाईले सांगतो, प्रभूवर टाका. मह्याच्यानं टाकणं होत नाही. तू सोडवून ने तिले. कोंडा नको, काही नको. नुसती ने म्हण."

इतकी वर्षं मी या बाईचा हेवा केला होता. हिला देव आहे, मला नुसती भीती आहे, असं मला वाटायचं. आणि ती इथं फरशीवर बसून कापत होती. मी तोंड उघडलं ते "नेते" म्हणायला. पण अचानक एक नवीनच भीती माझ्या छातीत भरली. हिनं सोडली तर मी एकटी. हे सगळं मला एकटीला भ्यावं लागेल.

"नाही नेत," मी म्हटलं. "तुम्ही घेतली ते घेतली."

मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. बाटलीचं झाकण उघडून दिलं. त्यांनी एक घोट घेतला, मला दिली, मीही प्यायले.

थोड्या वेळानं वॉर्डाचं दार उघडलं आणि नर्सनं मुलीचं नाव घेऊन हाक मारली, "आई कोण आहे हिची?"

मी उठले नाही. मला ऐकू आलं होतं, पण ती काय सांगेल ते ऐकायचं नव्हतं. मास्तरीणबाईंनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली, आणि त्याही उठल्या नाहीत. नर्सनं पुन्हा हाक मारली. आम्ही दोघी शाळेतल्या पोरींसारख्या खाली मान घालून बसलो. परकं माणूस असतं तर पटकन उठून विचारून आलं असतं.

शेवटी समोरच्या बाकावरच्या एका बाईनं आमच्याकडं बोट दाखवलं. नर्स जवळ आली. "अहो, केव्हाची आवाज देऊन राहिली मी. पोरगी बोलून राहिली आता. चहा मागते. द्या कोणी तरी नेऊन. पण आत एकच जण, फक्त आई."

पाळकबाईंच्या थर्मासमध्ये चहा होता. मी तो ग्लासात ओतला, मास्तरीणबाईंना हाताला धरून उठवलं आणि ग्लास त्यांच्या हातात दिला.

"या जातील," मी नर्सला म्हटलं. "या आई आहेत तिच्या."

दारापर्यंत पोचेपर्यंत त्यांच्या हातून अर्धा चहा सांडला होता.