कॅसेटविरुद्धचा ठराव

आज छापखान्यात पत्रकाच्या ओल्या शाईचा वास आला आणि बारा वर्षांपूर्वीची, अशाच पत्रकांनी भरलेली पुंडलिकनगरची खोली आठवली. तिथं आमच्या चळवळीच्या अभ्यासवर्गात कशावरही मतं घेऊन ठराव व्हायचा. त्या दिवशी सलीमनं वारलेल्या वडिलांची आवडती कॅसेट लावली. विलायती सायकेडेलिक रॉक. गिटार लांबत, विरघळत चाललेली.

"लई गुंगी येती राव," सुनीता हसली.

"नशेचं संगीत आहे हे. लढ्याच्या कामाचं नाय," मी एकाच गाण्यावर ठरवून टाकलं. सलीम सोडून सगळ्यांचे हात वर गेले.

सलीमनं कॅसेट काढून खिशात ठेवली. "अब्बा शहागंजच्या दुकानात हेच ऐकत भोंगे दुरुस्त करायचे. तुमच्या मोर्चाचे."

ठराव मागं घ्यायची पद्धत आमच्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी मोर्चात मी त्यातल्याच एका भोंग्यातून बोललो. आवाज खणखणीत होता.