न विरघळलेल्या चार गारा

तमाम लहानथोरांस, सोयऱ्याधायऱ्यांस, आणि दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय याचा वास भिंतीपलीकडून घेणाऱ्या समस्त शेजारणींस अत्यंत दुःखाने कळवण्यात येतं, की आमच्या घराचं छप्पर चैत्रातल्या एका दुपारी अल्पशा आजाराने वारलं. आजार म्हणजे गारपीट. मृत्यूसमयी त्याचं वय काय होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या पश्चात चार मातीच्या भिंती, सासू, सासरे, त्यांचा एकुलता एक मुलगा आणि सातवा महिना लागलेली सून असा परिवार आहे.

सून म्हणजे मी.

आता रडायचं असेल त्यांनी थोडं थांबावं. आम्हीही तेव्हा रडलो नव्हतो.

घर घाटंजीपासून अर्ध्या सकाळच्या वाटेवर, वस्तीच्या टोकाला. सासऱ्यांना मी मामाजी म्हणे. नागपूरला जाऊन ते बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, आणि आल्या आल्या त्यांनी हातात टोपली धरली. घरोघरचे देव टोपलीत गोळा केले आणि नदीच्या डोहात सोडून दिले. सुरुवात स्वतःच्या देवळीपासून. माझ्या सासूने, आत्याबाईंनी, शेंदूर लावलेले दगड आणि पितळेच्या मूर्ती आपल्या हाताने टोपलीत ठेवल्या, हे सगळ्या वस्तीने पाहिलेलं. त्यानंतर मामाजी चारचौघांत छाती काढून सांगत, "ज्याच्या घरात देव सापडंल, त्यानं माह्या दारात पाय ठेवू नये."

मी पुढे काही वर्षांनी त्या घरात आले. मला पाहायला आले तेव्हा स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काही मामाजींनी विचारलं नाही. म्हणाले, "पोरी, उपास करतं का?" मी खरं ते सांगितलं, "भूक नाही निघत मले." तिथल्या तिथे पसंत! माझ्या खादाडपणाचं असं चीज त्याआधीही कुणी केलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

आत्याबाई मात्र कमी बोलणाऱ्या. इतक्या कमी, की मी दोघींचं मिळून बोलत असे. त्यांची एक सवय तेवढी मला विचित्र वाटे. निजायच्या आधी बाजेवर बसून त्या वर आढ्याकडे क्षणभर बघायच्या. मला वाटे, उंदीर बघतात. एकदा मी काठी घेऊन उभी राहिले तर माझ्या हातातून काठी काढून घेतली आणि म्हणाल्या, "राहू दे. काही करत नाही तो."

आमचं छप्पर गावठी कवेलूंचं. कुंभार चाकावर मातीचा नळा काढतो, तो मधोमध चिरतो, भाजतो, झाले दोन कवेलू. खाली सागाच्या फाट्या, त्यावर तुऱ्हाट्या म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, त्यावर हे कवेलू एकाला एक अडकवून. दरवर्षी पावसाआधी पुरुष वर चढून ते नीट फेरून घेत, फुटका काढून नवा बसवत. अशा छपराला मरण नसतं, असं सगळे म्हणत.

त्या दुपारी मी मोठ्या कोपरात, म्हणजे पितळी परातीत, तुरीची डाळ निवडत बसले होते. आधी उजेड पिवळा झाला. मग वर कुणीतरी मूठभर खडे फेकल्यासारखा आवाज आला. मी वस्तीतल्या पोट्ट्यांना शिव्या द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात पोत्याने खडे ओतावेत तसं झालं. आत्याबाईंनी मला दंडाला धरून बाजेखाली ढकललं. सात महिन्यांचं पोट घेऊन बाजेखाली शिरणं हा काय प्रकार असतो ते मी कधीतरी करून दाखवेन, लिहून सांगता येत नाही. स्वतः त्या बाजेवर ओणव्या झाल्या. मामाजी घराच्या मधोमध डोक्यावर सूप धरून उभे. अंगावर कवेलूंचे तुकडे पडतायत, आणि हे सूप धरून, सरकारी माणसाची वाट बघावी तसे स्थिर. माझा नवरा शेतात होता. तो झाडाखाली वाचला.

मग थांबलं.

तो आवाज थांबल्यावर जी शांतता झाली, तिचं नाव मला अजून सापडलेलं नाही. मी बाजेखालून निघाले. वर पाहिलं तर फाट्या होत्या आणि फाट्यांच्या मधे निळं आभाळ. ऊनसुद्धा पडलं होतं. चूल विझलेली, तिच्यात बर्फ. पीठ बर्फात. अंगणात कावळे मरून पडलेले, आणि ते काळे कावळे त्या पांढऱ्यावर इतके नीट दिसत होते की मी नुसती बघतच राहिले. मला वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. माझ्यासारख्या बाईला, जिला साधी मुंगी चावली तरी गावभर सांगायचं असतं, एक शब्द सुचला नाही. बाहेर सगळी वस्ती आपापल्या दारात उभी, आणि कुणी कुणाशी बोलत नाही.

आत्याबाई तेवढ्या हलल्या. वाकून कोपरात हात घातला आणि तशाच थांबल्या.

कोपरात डाळीवर गारांचा ढीग झाला होता. तो आता विरघळत होता. गारा गेल्या, पाणी झालं, आणि त्या पाण्यात चार गारा तशाच राहिल्या. काळपट, चपट्या. शेजारी कुजलेल्या लाल फडक्याची चिंधी.

मामाजींनी एक उचलून अंगठ्याने पुसली. चांदीचा पातळ पत्रा, त्यावर ठसवलेला घोडेस्वार. देवाचा टाक. बाकीचे तीनही तसलेच. एकावर देवी, एकावर जोडपं, एक पार झिजलेला.

"हे काय वं?" मामाजी म्हणाले.

 आत्याबाई वर बघत होत्या, आढ्याच्या त्या जागेकडे, जिथे आता जागाच नव्हती.

मी आरडाओरड्याची वाट पाहिली. मामाजींचा आवाज तीन शेतं ऐकू जाणारा. पण त्यांनी तो टाक परत कोपरात ठेवला, अलगद, अंडं ठेवावं तसा, आणि बाहेर गेले. त्यांच्या पायाखाली गारा कर्र कर्र वाजत गेल्या.

नेमक्या त्याच घटकेला शेजारची मावशी आमच्या दारात. हिची जीभ म्हणजे वस्तीचं टपालखातं, तेही विनातिकिटाचं. मी काय करावं? ओली डाळ ओंजळीने ओढून त्या टाकांवर घातली आणि निवडायला बसले.

"काय वं बाई," मावशी म्हणाली, "घरावर छत नाही उरलं अन् तू डाळ निवडून राह्यली?"

"भूक तं लागतेच न मावशी," मी म्हटलं. "छत असो का नसो."

"धन्य हाये तुयी," म्हणाली आणि गेली. मी जन्मात इतकी मन लावून डाळ निवडली नव्हती.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. आम्ही उठत होतो, भाकरी थापत होतो, फुटके कवेलू टोपल्यांनी बाहेर टाकत होतो. मामाजी आणि आत्याबाई एकमेकांशी लागेल तेवढंच बोलत. मीठ, पाणी, विळा. टाकांचा विषय कुणी काढला नाही. ते आत्याबाईंच्या पदराच्या गाठीत होते, हे मला माहीत होतं, कारण ती गाठ त्या अंघोळीलाही सोडत नव्हत्या. घरात राग असता तर बरं झालं असतं, राग ऐकू तरी येतो. हे म्हणजे चौघंजण पाण्याखाली राहत असल्यासारखं.

आणि मृग जवळ येत होता. माझी आई नव्हती, म्हणून पहिल्या बाळंतपणाला माहेर नाही. म्हणजे मूल याच चार भिंतींत जन्मणार, ते नेमकं पावसाच्या तोंडावर. सगळ्यांच्या नजरा आळीपाळीने आभाळाकडे आणि माझ्या पोटाकडे जात. मला वाटे, दोन्हीकडे कसले ढग जमलेत तेच हे लोक बघतायत.

मामाजी कुंभाराकडे गेले. कुंभार स्वतःच्याच उघड्या घरात बसला होता. "कवेलू देतो," म्हणाला, "पण साऱ्या गावाले पायजे. भट्टी लागंल तवा लागंल. मृगाच्या आत नाही होत, भाऊ." मग घाटंजीला टिनाच्या पत्र्यांच्या दुकानात. दुकानदार म्हातारे मुसलमान गृहस्थ, बोलायला गोड, भावाला कडू. "भाई, आज का भाव आज लेलो," म्हणाले, "आधे तालुके की छत गई है. कल और चढ़ेगा." टिनाचा भाव मला माझ्या पद्धतीने समजला. एक टिन म्हणजे एक बकरी. आमच्या घराला लागत होता एक कळप, आणि आमच्याकडे बकऱ्या होत्या दोन. त्या विकल्या. भिजलेला गहू मातीमोलाने गेला. माझ्या नवऱ्याने मुकाट्याने सायकल विकली, ज्या सायकलीवर तो मला मागे बसवून आणायची ऐट मारायचा. एवढं करून अर्धं घर झाकेल इतके पैसे जमले.

"अर्धंच झाकू," नवरा म्हणाला. "अर्ध्यात बाळंतपण होते."

"अन् दुसऱ्या अर्ध्यात आम्ही पोहू," मी म्हटलं. कुणी हसलं नाही. मीसुद्धा.

एका बाजाराच्या दिवशी सकाळी आत्याबाई लुगडं बदलून दारात उभ्या. "चाल, बजारात जाऊन येऊ."

"चालवंल का मले?"

"बैलगाडी सांगतली."

गाडी निघाली. दोन्ही बाजूंना झोडपलेली शेतं. मग आत्याबाई एकाएकी, जणू आधीचंच बोलणं पुढे चाललंय, असं म्हणाल्या, "तुया नवऱ्याच्या आधीचं मायं एकही लेकरू जगलं नाही. पाळण्यात घाललं का गेलं. मंग मी हे टाक करून घेतले. पायातली तोरडी मोडून. त्याच्यानंतर हा झाला, अन् जगला." बैलांच्या घुंगरांकडे बघत त्या पुढे म्हणाल्या, "बाकीचे देव देऊन टाकले मी टोपलीत. तुया मामाजीचं म्हणणं खरं होतं, मले पटलं होतं. पण हे चार नाही देता आले, आढ्यात कवेलूखाली खोसले. हे तुया नवऱ्याचे होते."

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. गारपिटीनंतरच्या अंगणासारखा चेहरा.

"आता तुया पोटात हाये," त्या म्हणाल्या. "मोडले अन् काही झालं तं? तू सांग. तू नाही म्हण, मी गाडी फिरवतो."

मी, बडबडी, गावजत्रेतल्या सोंगाड्याला उत्तर देणारी मी. माझा हात पोटावर गेला. आत लाथ बसली. मला छत पाहिजे होतं आणि भीती वाटत होती, दोन्ही एकाच वेळी, आणि तरी दोन्ही दुसऱ्याच कुणाला वाटतायत असं वाटत होतं. मी काहीही बोलले नाही. गाडी फिरली नाही.

सोनाराने टाक बघितले, काट्याजवळ नेले आणि परत मागे घेतले. "बाई, चांदी चांगली हाये. पण देव मोडत नसतात. गहाण ठेवा पायजे तं. घरी मालकाले इचारलं का?"

 तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, "इचारायचं काय त्यात?"

पायरीवर मामाजी उभे. ते सकाळीच टिनवाल्याकडे उधारी मागायला आले होते. उधारी मिळाली नव्हती, हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. आम्हाला बाजारात पाहिलं आणि मागे मागे आले. मी मनात म्हटलं, आता तो तीन शेतांचा आवाज निघणार, तोही भर बाजारात.

मामाजी आत आले. बाकावर टेकले. टाकांकडे बघितलं नाही, आत्याबाईंकडे बघितलं. फार दिवसांनी.

"ठेव तुयाजवळ," ते हळूच म्हणाले. "पोराच्या जिवासाठी ठेवले होते, मले काय समजत नाही का? म्या कधी पाह्यले नाही असं समज. अर्धं घर झाकू. बाकीच्यावर कपाशीच्या पऱ्हाट्या टाकू."

ज्या माणसाने वस्तीचे सगळे देव डोहात सोडले, तो हे बोलला. सोनार काट्यातली चिमटी धरून थांबला.  माझ्या पोटातलंसुद्धा थांबलं असावं.

आत्याबाईंनी ते चार टाक हातात घेतले. उलटे केले, सुलटे केले. त्या आता काय करणार याची कुणालाच खात्री नव्हती, त्यांनाही नसावी. मग त्यांनी ते सोनाराच्या काट्यात एकदम टाकले, आणि त्या कमी बोलणाऱ्या बाईच्या तोंडून, सगळ्या पेठेने वळून बघावं अशा आवाजात, निघून गेलं:

"ठेवू कायले? पाच-सहा वर्सं छपरावर बसून राह्यले, अन् एक गार अडवता नाही आली त्याइले!"