भिंतीवरची लाट

औषधाच्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर ट्रकएवढा लांब टूथब्रश रंगवलेला होता आणि त्यावर पेस्टची पांढरीशुभ्र लाट. शेवटी तिची शेपटी अशी झोकात वळलेली, की बघणाऱ्याचा हात आपोआप खिशातल्या कंगव्याकडे जावा. ही लाट पेंटरआजोबांची. आयुष्यभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण कुणी नवीन भेटलं की एकच वाक्य: "ती लाट बघितलीत ना? ती आपली." मग मान मागे, डोळे अर्धे मिटलेले, आणि समोरचा "वा!" म्हणेपर्यंत शांतता.

त्यांची चार वर्षांची नात, पिटुकली, ही या लाटेची पहिल्या नंबरची भक्त. रोज सकाळी ब्रशवर हुबेहूब लाट काढायची, शेपटीसकट. पेस्ट स्ट्रॉबेरीची, त्यामुळे थुंकायचा प्रश्नच नाही. लाट थेट पोटात. आजोबा दारात उभे राहून कौतुक करायचे, "हात बघा पोरीचा! माझाच हात!"

एका सकाळी पोरीने लागोपाठ तीन लाटा चाटल्या आणि ओकून बेसिन सगळं गुलाबी केलं.

"मी कधीची बोंबलतेय!" आजी टॉवेल घेऊन धावल्या. "ते फ्लोराइड! माझेच ओठ बघा, नवी ट्यूब आल्यापासून नुसते सोलताहेत. विष आणलंय घरात, विष!" आणि त्यांनी घरातल्या सगळ्या ट्यूब कचऱ्याच्या पिशवीत भरल्या.

सुनेने दाताच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "थोडं दूध पाजा आणि सगळेच या. ट्यूबही आणा," त्या म्हणाल्या. मग कचऱ्याच्या पिशवीसकट वरात दवाखान्यात.

डॉक्टरीणबाईंची एक खोड होती. तोंडात आरसा घातल्याशिवाय त्यांना प्रश्नच सुचत नसत.

"दालचिनीच्या गोळ्या खाल्ल्या की ओठ जळतात का हो, आजी?"

"आँ. आँ-आँ."

"बऱ्याच दिवसांपासून?"

"आँऽऽ! आँ आँ आँ आँ, आँ!"

"मलाही तेच वाटलं." त्यांनी पिशवीतून आजींची ट्यूब काढून वाचली. "फ्लोराइडला उगाच शिव्या घालताय. हिच्यात दालचिनीचा स्वाद आहे, बहुतेक तोच तुम्हाला सोसत नाही. तो नसलेली घ्या, फ्लोराइड असू दे. आणि थोड्या दिवसांनी ओठ दाखवा."

आजींनी तोंड मिटलं. विषाचा खटला असा निकालात निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"आणि ही बाई," डॉक्टरीणबाई पिटुकलीकडे वळल्या. "आज काही बिघडलेलं नाही. पण रोज गिळत राहिली, तर आत तयार होणाऱ्या पक्क्या दातांवर पांढरे डाग पडू शकतात. पेस्ट बंद करू नका, किडीपासून तीच वाचवते. वाटाण्याएवढी घ्यायची, मोठ्यांनी लावून द्यायची, नंतर थुंकायची. हिला एवढी पेस्ट घ्यायला शिकवलं कुणी?"

सगळ्यांनी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी छताकडे बघितलं. "छताला अजून एक हात मारायला हवा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ब्रशवरचा वाटाणा बघून पिटुकलीने ओठ घट्ट मिटले. "ही खोटी पेस्ट आहे. खरी भिंतीवर असते."

सुनेने गोंजारलं, आजींनी दटावलं. पण तोंडाचं कुलूप काही निघेना. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. आजोबांनी चहा अर्धा टाकला, शिडी उचलली आणि पिटुकलीला घेऊन औषधाच्या दुकानाकडे निघाले.

लाट पुसली जाताना औषधवाला धावत बाहेर आला. "अहो! अहो पेंटर! अहो, काय करताय काय? पेस्टच्या जाहिरातीतून पेस्ट काढताय?"

"काढत नाही, कमी करतोय."

"आणि शेपटी?"

"शेपटी..." आजोबांचा हात जरा थांबला. मग ब्रश सर्रकन फिरला आणि शेपटी गेली. तिच्या जागी त्यांनी एक गोल, गुबगुबीत ठिपका काढला आणि खाली येऊन नातीकडे बघितलं. "हं. ही खरी."

पिटुकलीने डोळे बारीक केले. "आजोबा, हा तर कलिंगडाएवढा आहे."

"ब्रश ट्रकएवढा आहे ना, म्हणून. तुझा ब्रश केवढा?"

तिने करंगळी दाखवली, मग बराच हिशोब केला. "मग मला एवढुश्शीच."

सकाळी तिने वाटाणा लावून घेतला, घासला आणि बेसिनपासून आरशापर्यंत थुंकून दाखवलं. शेजारी आजोबांनी स्वतःचा ब्रश धरला, ट्यूब दाबली, आणि हात सवयीने या टोकापासून त्या टोकाला निघाला.

"ओ पेंटर!" खालून पिटुकलीचा आवाज आला. "शेपटी पुसा."