रेघा मागून

"आधी लिही, रेघा मागून," असं म्हणत मोठ्या बाई मुलाच्या हातातली पट्टी काढून घ्यायच्या आणि थेट आपल्या पर्समध्ये टाकायच्या. दुपारपर्यंत तिथे दहा-बारा पट्ट्या जमत. बाई व्हरांड्यातून चालू लागल्या की पर्स अशी खडखडायची की पुढच्या वर्गातली दंगामस्ती आपोआप थांबे.

रेघ म्हणजे शिरोरेषा. आमची शाळा कडोदऱ्याच्या पुढे, एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, शेड. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, बाकी सगळ्या शाळा गुजराती, आमची एकटीच मराठी. मुलं खानदेशातून आलेल्या लूम कामगारांची. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानांच्या पाट्यांवर गुजराती, आणि मराठी फक्त शाळेची घंटा झाल्यापासून शाळा सुटेपर्यंत. गुजराती अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते, हे तुम्ही पाहिलंच असेल. आमची मुलं मराठीही तशीच लिहीत. चौथीतला एक पठ्ठ्या तर बसचा पाच नंबर 'प नंबर' म्हणून वाचायचा, कारण गुजराती पाच म्हणजे आपला रेघ पुसलेला प.

मी गणिताचा मास्तर. मला ही बिनरेघेची पानं बघवत नसत. मी बाईंशी यावरून पुष्कळदा भांडलोय. त्यांचं म्हणणं एकच असे. मूल रेघ मारायला थांबलं की मनातलं वाक्य निसटतं. आधी पान भरू दे, मग पट्टी घेऊन बसवा. त्याप्रमाणे शेवटच्या तासाला पट्ट्या परत मिळत आणि सगळा वर्ग खाली मान घालून रेघा मारत बसे. खरं सांगायचं तर, त्यांच्या वर्गातली मुलं माझ्या वर्गातल्या मुलांपेक्षा दुप्पट लिहायची. हे मी त्यांच्यापुढे कधी कबूल केलं नाही.

केंद्राकडून दर महिन्याला एक फॉर्म येई. त्यात 'विद्यार्थ्यांची विशेष कामगिरी' असा एक रकाना असे. इतर शाळा त्यात धावण्याची, गाण्याची बक्षिसं लिहीत. बाईंनी एकदा लिहिलं, 'तिसरीतल्या एका मुलाने सलग आठ दिवस आपले दप्तर स्वतः भरले.' वरून फोन आला, ही काय थट्टा आहे का? बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्ही त्याचं आधीचं दप्तर पाहिलेलं नाही." पुढच्या महिन्यात त्यांनी लिहिलं की सहावीतल्या दोघी बहिणींनी भांडण न करता एकच कंपासपेटी महिनाभर वापरली. मग फोन यायचे बंद झाले. फॉर्म कुणी वाचत असेल असं मला वाटत नाही, पण बाई तो अगदी सुवाच्य अक्षरात भरत राहिल्या.

आता कोमलची गोष्ट सांगतो. आमची शाळा आठवीपर्यंतच. नववीला उधन्याच्या मराठी हायस्कूलात जायचं तर दोन रिक्षा बदलाव्या लागतात. त्यामुळे आठवीनंतर बऱ्याच मुली घरीच राहतात आणि आईबरोबर साड्यांना टिकल्या चिकटवतात. कोमलच्या वडिलांनी तिला सांगून ठेवलं होतं की केंद्राच्या निबंध स्पर्धेत नंबर आला तर नववी, नाहीतर टिकल्या. माणूस वाईट नव्हता. पोरगी खरंच हुशार आहे की शाळा उगीच कौतुक करते, हे त्याला कुणीतरी बाहेरच्याने सांगायला हवं होतं.

विषय होता 'आमच्या घरातला एक दिवस'. कोमलने चार पानं लिहिली. तिच्या घरात लूमच्या आवाजात धाकटा भाऊ गाढ झोपतो आणि लाइट जाऊन लूम थांबले की दचकून उठतो, असं तिने लिहिलं होतं. चौथं पान संपलं आणि वेळही संपली. रेघा मारायच्या राहून गेल्या.

मराठी निबंधांचे परीक्षक होते शहरातल्या मराठी शाळेतून निवृत्त झालेले एक सर. मराठीसाठी जीव टाकणारे, म्हणूनच बोलावले होते. त्यांनी तिथेच कोमलची वही बाजूला काढली. ही मराठी नव्हे आणि गुजरातीही नव्हे, ही उघड्या डोक्याची अक्षरं आहेत, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले.

बाई उठल्या.

"सर, अक्षरांनी डोक्यावरून पदर कशाला घ्यायला हवा? मी तरी कुठे घेते?"

मागच्या बाकावरच्या दोन शिक्षिका हसल्या. सर हसले नाहीत. बाईंनी पर्समधून पट्टी काढली, इथेच बसून रेघा मारते, मग वाचा, असं म्हणाल्या. सरांनी वेळ संपल्याचं सांगितलं. नियमाने ते बरोबरच होते, आणि तरीही मला त्यांचा राग आला होता. राग बाईंवरही होता. ही रेघांची सवय त्यांचीच. कोमलची नववी त्या पट्टीपायी गेली होती, आणि हे त्यांनाही कळत होतं. परत येताना रिक्षात त्या वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या. चेहरा पार उतरला होता.

लूमच्या सुटीच्या दिवशी त्यांनी मला कोमलच्या खोलीवर नेलं. वडील खाटेवर बसले होते. नंबर आला नाही हे त्यांना कळलेलं होतं. बाईंनी काही समजावलं नाही, फक्त वही त्यांच्या हातात दिली आणि वाचा म्हणाल्या. ते गावाकडे चौथी शिकलेले. बोट ठेवून वाचू लागले. आम्ही चहा संपवला तरी त्यांचं दुसरं पान चाललं होतं. भावाच्या झोपेशी आले तेव्हा ते हसले आणि तेवढं बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. चौथं पान संपल्यावर त्यांनी वही उलटसुलट करून पाहिली.

"बाई, यामा चूक काय शे?"

"रेघा नाहीत, भाऊ. आणि ती चूक तिची नाही, माझी आहे. रेघा मागून मारायला मीच शिकवलं."

त्यांनी पुन्हा पहिलं पान उघडलं आणि बराच वेळ पाहिलं. देवाशपथ सांगतो, त्या माणसाला रेघा नाहीत हे तोवर दिसलंच नव्हतं.

"मी बी असंच लिखस," ते म्हणाले. मग कोमलकडे न पाहता त्यांनी विचारलं, "नववीना फॉर्म कोठे मियस?"

त्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. जूनमध्ये शाळा उघडल्यावर आम्ही निरोप समारंभ ठेवला. मांडव घातला, शाल आणली, प्रमुख पाहुणे म्हणून तेच सर आले, कारण आमच्या भागात मराठीत भाषण करणारं दुसरं कुणी नव्हतं. अकराला बाई आल्या नाहीत. बारालाही नाहीत. शेवटी मी फोन लावला. मागे गर्दीचा आवाज येत होता. उधन्याच्या हायस्कूलात त्या कोमल आणि तिच्या वडिलांबरोबर रांगेत उभ्या होत्या. कसला तरी दाखला कमी पडला होता आणि फॉर्मचा तो शेवटचा दिवस होता.

"निरोप काय, उद्याही देता येईल," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

त्या दुसऱ्या दिवशीही आल्या नाहीत. आता नंदुरबारला लेकीकडे असतात. शाल अजून आमच्या कपाटात आहे.

पण त्या दिवशी सर मांडवात शाल मांडीवर घेऊन बसून होते. बाई कुठे आहेत, असं त्यांनी मला विचारलं. एका मुलीच्या प्रवेशाला गेल्यात, मी म्हणालो. कोणत्या मुलीच्या, त्यांनी विचारलं.

"तुम्ही बाजूला काढलेली वही आठवते का, सर? तिच्याच."

सरांनी मांडीवरची शाल नीट केली. मुलं सतरंजीवर चुळबुळत होती. बाईंची खुर्ची पंख्याखाली रिकामी होती, आणि मला त्या रिकाम्या खुर्चीचा इतका अभिमान वाटला की मी जाऊन बाईंसाठी आणलेला हार तिच्यावर ठेवला.