सालाच्या ज्वारीतली पुरचुंडी

१ मे २०२५, अमडापूर. गेलेले जीव पाच : एक बाई, चार कोंबड्या.

बाईचे नाव गीताबाई; पंजाबरावांच्या सालदाराची, गोविंदाची बायको. ऊन लागले, असे गावाने ठरवले आणि दुपारच्या आत सरण रचले. कोंबड्यांविषयी कोणी काही ठरवले नाही.

पंजाबरावांची ख्याती होती ती धान्याच्या किडीतल्या जाणकारीची. माणसे मूठभर दाणे घेऊन त्यांच्या ओट्यावर येत. ते दाणे पाण्यात टाकत, तरंगणारा दाणा नखाने फोडत, आतला सोंडेच्या तोंडाचा तपकिरी किडा, सोंडा, दाखवत आणि सांगत : तीन दिवस कडक ऊन द्या, चाळा, दाणा दाताखाली कटकन फुटला की मगच भरा. माणसे निजतात त्या घरात विषारी वायू सोडणारी गोळी कदापि नको. आडते अब्दुल गनी थट्टा करत, "पाटील, तुमच्या धाकानं गावातले सारे सोंडे माह्या गोदामात येऊन राह्यले ना!"

अक्षय्यतृतीयेला सालदाराला वर्षभराच्या चाकरीपोटी सालाची ज्वारी द्यायची, ही घराण्याची रीत. आदल्या दिवशी पंजाबरावांनी पोते उघडले, तर दाणे पोकळ आणि सोंडे मनगटावर चढू लागलेले. उपाय त्यांना पाठ होता. पण ज्वारी अंगणात पसरली असती, तर गावाने ती पाहिली असती. अब्दुल गनींनी पाहिली असती. पंजाबरावांनी त्याच विषारी गोळ्या फडक्यात बांधल्या, पुरचुंडी पोत्यात खोल खुपसली, तोंड शिवले आणि सणाच्या सकाळी पोते गोविंदाकडे धाडले.

गोविंदाचे घर एका खोलीचे, हे त्यांना ठाऊक होते. भिंतींची माती त्यांच्याच शेतातली होती. उकाड्यामुळे गोविंदा अंगणात निजला. मांजर कोंबड्यांवर टपलेले, म्हणून गीताबाई दार लावून कोंबड्यांसह आत निजली, पोत्याशेजारी.

तेराव्यानंतर गोविंदा ओट्याखाली येऊन उभा राहिला. त्याच्या तळहातावर ती पुरचुंडी होती. आत करडी भुकटी उरली होती.

"मालक, ज्वारीत राख तुमीच बांधून देल्ली होती काय?"

"काऊन?"

"सारे सोंडे मेले ना जी! थे असती त म्हनली असती, मालकाले आपल्या पोटाची काळजी हाय. पुढच्या सालीबी अशीच द्या."

पंजाबरावांनी अब्दुल गनींच्या दुकानाकडे पाहिले. दुकान बंद होते. ऐकायला दुसरे कोणीही नव्हते.

"हाव," ते म्हणाले. मग, "ते तिकडं ठेव. हात धुऊन घे, गोविंदा."

त्या दिवसापासून कोणी दाणे दाखवायला आले, की नजर अधू झाली असे ते सांगतात. गोविंदा अजून त्यांच्याकडेच कामाला आहे, आणि बायको उन्हाने गेली असे मानतो.

सालाची ज्वारी पोचती झाली. गोविंदाला सत्य द्यायचे बाकी आहे.