सोपानरावांची खाज आणि पोटाची पूड

चाकणजवळच्या गावातले सोपानराव भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवत. कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण त्या हाताला वर्षानुवर्षं खाज होती. कोपरापर्यंत कातडी जाड, काळपट झालेली. घाम आला की रक्त निघेपर्यंत खाजवायचे.

सगळ्यांनी दोष लेथवर लोखंड कापताना हातावर उडणाऱ्या कूलंटच्या तेलाला दिला. सुपरवायझर रंगरावांनी कूलंट बदललं. खाज गेली नाही, म्हणून मग सोपानरावांनाच बदललं. ते स्टोअरला बसून नटबोल्ट देऊ लागले. खाज स्टोअरलाही आली. वांगं सोडलं, सुकट सोडली. गावातल्या डॉक्टरांनी मलम आणि खाजेच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप यायची, पण पोट साफ होईना. म्हणून पाण्यात विरघळवून घ्यायची एक पूड सुरू झाली. पुडीने पोट मोकळं व्हायचं आणि खाज वाढायची. खाज वाढली की गोळी, गोळी घेतली की पूड. सोपानरावांनी हे इमानेइतबारे पाळलं.

शेवटी पत्नी कस्तुराबाईंनी त्यांना पिंपरीला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

“आणखी काय औषध घेता?” बाईंनी विचारलं.

“कायबी न्हाई.”

“अवं, ती पूड सांगा की,” कस्तुराबाई म्हणाल्या.

“ती पोटाची हाय. हितं कातडीचं चाललंय.”

“पूड घेतली की आंगावर गांध्या उठत्यात, ते?”

सोपानरावांनी शर्टाची बाही खाली ओढली.

डॉक्टरीणबाईंनी मलम, पूड आणि कूलंट तिन्ही मागवली, थोडं थोडं पट्ट्यांवर घेऊन त्यांच्या पाठीवर चिकटवलं. दोन दिवस अंघोळ बंद. पट्ट्या काढल्या तेव्हा कूलंटची जागा स्वच्छ होती. मलमाची आणि पुडीची लाल होऊन फुगली होती.

“दोन्हींत एकच पदार्थ आहे, पॉलिइथिलीन ग्लायकॉल. बहुतेकांना त्याचं काही होत नाही. तुम्हाला सोसत नाही. मूळचा इसब होताच, यानं तो बरा होऊ दिला नाही.”

“म्हंजी मी खाजंवर खाजच चोळत हुतो?”

“चोळत होता आणि पीतही होता.”

कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला.

मलम बदललं, पुडीच्या जागी इसबगोल आलं. हळूहळू कातडी निवली. थंडीत अजून थोडी खाजते. सोपानरावांनी रंगरावांकडे आपला लेथ परत मागितला. त्यावर दुसरा माणूस बसला होता, म्हणून कोपऱ्यातला जुना मिळाला. पहिल्या दिवशी त्यांनी बाह्या दुमडल्या.

“हात बरे दिसतात, राव,” शेजारचा म्हणाला.

“व्हय,” सोपानराव म्हणाले. “पोटबी बरं हाय.”